कॉकपिटमधलं तिसरं आसन

"वृंदाबाई, आज तुम्ही त्या घडीच्या खुर्चीवर बसलात ना, की उद्यापासून आम्हा सगळ्यांच्या नशिबी तीच खुर्ची," असं म्हणत कॅप्टन डाबऱ्यांनी पिशवीतून कराराची प्रत काढली.

आम्ही विमानतळाच्या चार नंबरच्या गेटपाशी उभे होतो. त्या शहराचं नाव सांगत नाही, तिथल्या कुणाची काही चूक नव्हती. वैशाखातली दुपार, तीन वाजायला आलेले. काचेपलीकडची धावपट्टी उन्हानं पाण्यासारखी हलत होती. डाबरे आमच्या वैमानिक संघटनेचे चिटणीस. मूळचे वसईचे. ती प्रत त्यांच्याजवळ कायम असायची आणि महत्त्वाच्या पानांना रंगीत चिठ्ठ्या डकवलेल्या असायच्या.

त्या दिवशी आम्ही दोघं डेडहेड होतो. म्हणजे ड्यूटीवर, गणवेशात, पण विमान उडवायचं नाही. प्रवासी म्हणून मुंबईला जायचं आणि संध्याकाळी तिथून आपलं विमान घ्यायचं. शब्द अशुभ आहे. माझ्या सासूबाईंसमोर मी तो कधी उच्चारला नाही, त्यांना "पाहुणी म्हणून जातेय" असं सांगायची.

अडचण वेगळीच होती. गेटवरची मुलगी खालच्या आवाजात म्हणाली, "सर, तुमच्या दोन सीट आहेत, पण एक प्रवासी राहतोय. तिकीट कन्फर्म आहे त्याचं. सकाळी त्याचे वडील गेले. तो पोचल्याशिवाय उचलणार नाहीत म्हणे."

तो माणूस काउंटरला टेकून उभा होता. भांडत नव्हता. हातात पाण्याची बाटली होती, तिचं झाकण लावत होता आणि काढत होता.

"मी जंपसीटवर बसते," मी म्हटलं. कॉकपिटमध्ये दोन वैमानिकांच्या मागे भिंतीतून ओढून काढायचं एक तिसरं आसन असतं, त्याला जंपसीट म्हणतात.

डाबऱ्यांनी पान उघडलं. "कलम एकोणीस. डेडहेड वैमानिकाला प्रवाशांत आसन मिळालंच पाहिजे. जंपसीट फक्त त्याच्या मर्जीनं. हे 'मर्जीनं' लिहून घ्यायला मला चौदा महिने लागले."

"मग ही माझी मर्जीच आहे."

"आज तुमची मर्जी, पुढच्या महिन्यात त्यांचा रिवाज. वाईट मलाही वाटतं त्या माणसाचं. पण जास्तीची तिकिटं विकणार कंपनी आणि पुण्य लागणार तुम्हाला. आज उपास कुठला आहे?"

"आज काही नाही. नुसता गुरुवार."

"नुसता गुरुवार म्हणे. म्हणजे दोन केळ्यांवर." ते हसले आणि प्रत काखेत मारून माझ्या मागोमाग विमानात शिरले. "मी निषेध नोंदवायला येतोय हं. माझी सीट बारा सी आहे, पण आधी निषेध."

कॉकपिटमध्ये डावीकडे कॅप्टन घारपुरे होते. त्यांना पाहिलं आणि मी नेहमीसारखी गणवेशाची कॉलर सरळ केली. मला विमान उडवायला शिकवलं ते त्यांनी. शिक्षण संपवून आल्यावर पहिले आठ महिने मी त्यांच्याच उजवीकडे बसले होते. पुण्याचे, बारीक, पांढऱ्याशुभ्र केसांचे. त्यांनी कधी कुणावर आवाज चढवला असं मी पाहिलं नाही. पुढच्या महिन्यात माझी कॅप्टनपदाची चाचणी होती आणि परीक्षक तेच होते.

"ये वृंदा," ते म्हणाले. "आणि हे कोण, बॉडीगार्ड?"

"निषेध," डाबरे म्हणाले.

"डाबरे, तुझ्या कलमांना पंख असते ना, तर मी घरी आंबे खात बसलो असतो."

"कलमं आहेत म्हणून तर वेळेवर घरी जाऊन आंबे खाता, सर."

उजवीकडे बसलेला निमिष टिपणीस खुदकन हसला. नवा को-पायलट, नोकरीला दीड वर्ष झालेलं. त्याच्या मांडीवर टॅब होता. विमानाचं वजन, बाहेरचं तापमान, वारा आणि धावपट्टीची लांबी घातली की इंजिनांना किती जोर लावायचा आणि किती वेगाला नाक उचलायचं, ते आकडे त्यावर येतात. धावपट्टी लांब असली तर पूर्ण जोर लावत नाहीत. कमी जोरात काम भागतं आणि इंजिन जास्त टिकतं. रोजचं आहे हे, त्यात काही विशेष नाही. निमिष आकडे घालत होता आणि एक कान डाबऱ्यांकडे देऊन होता.

"मला एवढंच सांगा सर," डाबरे दाराला टेकून म्हणाले, "बाई तिथं बसल्या म्हणजे कोण झाल्या? कराराप्रमाणे प्रवासी. पण कंपनी म्हणणार, कॉकपिटमध्ये होत्या, म्हणजे कर्मचारी. उद्या काही झालं तर पहिला प्रश्न यांनाच विचारतील. तुम्ही बघत नव्हता का? बारा सी वर बसलेल्याला कुणी विचारत नाही."

"काही होत नाही."

"होत नाही तोवर होत नाही."

घारपुरे सरांनी घड्याळ पाहिलं. "माझ्या कॉकपिटमध्ये बसणारा माझा पाहुणा. पाहुण्यानं पाणी प्यावं आणि दहा हजार फुटांपर्यंत गप्प बसावं. झालं समाधान? आता जा. तीन चाळीसच्या आत चाकं उचलली नाहीत तर आमचे ड्यूटीचे तास संपतात, आणि ते कलमसुद्धा तुझंच आहे."

डाबरे गेले. जाताना माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, आपण प्रवासी. विसरू नका."

दार लागलं. मी पट्टे बांधले, कानाला हेडफोन लावला आणि पर्समधून जपाची गोमुखी काढली.

हे सांगायला हवं. माझी रोजची एक माळ असते. एकशे आठ मणी, रामनाम, सलग. सुरू केली की संपेपर्यंत बोलायचं नाही. बोललं गेलं तर पुन्हा पहिल्या मण्यापासून. आईनं लग्नाआधी हे व्रत दिलं, तेव्हापासून एक दिवस चुकलेला नाही. विमान उडवायच्या दिवशी पहाटे उठून करायची. डेडहेडच्या दिवशी मात्र प्रवासात करायची, कारण त्या दिवशी माझ्या हातात काही नसे. त्या दिवशी सकाळी हॉटेलातून निघायला उशीर झाला होता, माळ राहिली होती. गोमुखीत हात घातला आणि सुरुवात केली.

विमान मागे ढकललं गेलं, इंजिनं सुरू झाली, आम्ही धावपट्टीच्या दिशेनं निघालो. पंखांखालच्या हवेत उन्हाच्या झळा दिसत होत्या.

"सर," निमिष म्हणाला, "पण खरंच करारात तसं आहे का? माझी मर्जी नसेल तर मी जंपसीटला नाही म्हणू शकतो?"

गप्प बसायचा नियम सरांनीच सांगितला होता. पण डाबऱ्यांचं बोलणं त्यांना आतून कुठेतरी लागलं असावं. "म्हणू शकतोस," ते म्हणाले. "आमच्या वेळी असलं काही नव्हतं. जंपसीट म्हणजे मान होता रे. मोठ्या कॅप्टनच्या मागे बसून शिकायला मिळायचं. आता म्हणे शोषण."

"आणि डेडहेडचे तास विश्रांतीत धरत नाहीत ना, सर?"

"ते धरत नाहीत. ते बरोबर आहे. पण हा माणूस प्रत्येक गोष्टीत…"

तेवढ्यात टॉवरचा आवाज आला. एक विमान उतरायला येत होतं. आम्ही धावपट्टीच्या टोकापर्यंत गेलो तर ते उतरेपर्यंत थांबावं लागलं असतं. त्याऐवजी मधल्या फाट्यावरून निघाल का, असं त्यांनी विचारलं. मधला फाटा म्हणजे धावपट्टीला मध्येच येऊन मिळणारा रस्ता. तिथून निघालं की वेळ वाचतो, पण मागची धावपट्टी वाया जाते.

सरांनी घड्याळ पाहिलं. तीन चौतीस. "घे," ते निमिषला म्हणाले. निमिषनं टॉवरला होकार कळवला. सर पुन्हा बोलू लागले, "तर डाबरेचं काय आहे…"

माझा हात गोमुखीत चालू होता. चाळीस मणी झाले असतील. मी निमिषच्या टॅबकडे पाहिलं, सहज. आकड्यांच्या वरच्या ओळीत धावपट्टीची लांबी होती. दोन हजार सातशे पन्नास मीटर.

पूर्ण लांबी. आम्ही फाट्यावरून निघत होतो, तिथून पुढे सतराशे मीटर उरत होते. आणि आकडे कमी जोराचे होते.

निमिष आता बदलेल, असं मला वाटलं. त्यानं टॅब बाजूच्या खोबणीत अडकवला. मग सर विचारतील, असं वाटलं. विमान फाट्याकडे वळलं. सरांनी तपासणीच्या याद्या वाचायला सांगितल्या. निमिष वाचत गेला, सर उत्तरं देत गेले.

"टेक ऑफचे आकडे?"

"तपासले."

तपासले होते ते. गेटवर. डाबरे दारात उभे असताना.

माझ्यापुढे हातभर अंतरावर सरांची मान होती. इस्त्रीची पांढरी कॉलर, वर पिकलेले केस, कानामागे एक शीर. त्या मानेकडे मी आठ महिने तिरकं बघितलं होतं. ती शीर ताठली की समजायचं, आपलं काहीतरी चुकलं.

मी मनात शब्द जुळवले. सर, आकडे पूर्ण लांबीचे आहेत. एवढे पाच शब्द. मग वाटलं, त्यांनी मनात हिशेब केला असेल. पंचवीस वर्षं विमान उडवतायत. त्यांना दिसलं नसेल का? आणि मी विचारलं आणि माझंच चुकलेलं निघालं तर? पुढच्या महिन्यात चाचणी. पाहुणी म्हणून बसलेय, गप्प बसायला सांगितलंय. डाबऱ्यांनीही सांगितलंय, आपण प्रवासी.

विमान धावपट्टीवर वळून सरळ झालं. वळताना डाव्या खिडकीतून मला मागे राहिलेली पट्टी दिसली. हजार मीटर, काळीभोर, रिकामी. तिच्यावर दोन कावळे बसले होते.

मी तोंड उघडलं. ओठ हलले. आणि बाहेर पडलं ते रामाचं नाव, रोजच्यासारखं, हळू, फक्त मला ऐकू येईल एवढं. पुढचा मणी बोटाखाली आला.

सरांनी इंजिनांचे दांडे पुढे सरकवले. ठरलेल्या खाचेपर्यंत, त्यापुढे नाही.

पहिली काही सेकंदं सगळं नेहमीसारखं होतं. पाठीला आसनाचा रेटा, चाकांची धडधड. मला वाटलं, मीच वेडी. मग निमिषनं वेग वाचला, "शंभर," आणि मी समोर पाहिलं.

समोरच्या टोकाकडून उतरणाऱ्या विमानांसाठी धावपट्टीवर जाड पांढरे पट्टे रंगवलेले असतात. ते आपल्याला कधी नाकासमोर दिसत नाहीत. आपण तोवर हवेत असतो. ते पट्टे मला दिसत होते. स्वच्छ. आणि मोठे होत होते. त्यांच्यापलीकडे टोकाचे दिवे, मग तारेचं कुंपण, मग रस्ता आणि त्यावर थांबलेला एक टेम्पो. टेम्पोतला माणूस खाली उतरून विमान बघत उभा होता.

वेग वाढत होता, पण फार सावकाश. उन्हाळ्यात जड विमान जसं वाढवतं तसं. मी आकड्याकडे पाहिलं. एकशे पंधरा. नाक उचलायला एकशे बेचाळीस लागणार होते. एकशे अठरा. पांढरे पट्टे नाकाखाली येऊ लागले. आता थांबायलाही जागा नव्हती, ते मला तिथे बसून कळत होतं, आणि कळून उपयोग नव्हता. मागे एकशे ऐंशी माणसं होती. कुणी चॉकलेटचा कागद सोडवत असेल.

इतकी वर्षं मी देवाचं नाव घेत होते. त्या क्षणी ते आलं नाही. मनात फक्त आकडे होते. एकशे तेवीस. एकशे सव्वीस.

"सर," निमिष म्हणाला. त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "सर, सर…"

सरांची मान एकदम ताठ झाली. त्यांनी दांडे शेवटपर्यंत पुढे लोटले. इंजिनांचा सूर बदलला, सगळं विमान थरथरलं आणि कुणीतरी छातीवर रेटावं तसं मला पाठीमागे दाबलं. एकशे तीस. एकशे चौतीस. टोकाचे दिवे नाकासमोर आले. सर नाक ओढू लागले. ठरलेल्या वेगाची वाट त्यांनी पाहिली नाही, बघायला वेळच नव्हता. नाक वर गेलं, चाकं अजून जमिनीवर. मी डोळे मिटले नाहीत. मिटता आले असते तर बरं झालं असतं.

दिवे खाली गेले. धडधड थांबली. कुंपण पोटाखालून गेलं, इतकं जवळून की तारेवर अडकलेली प्लॅस्टिकची पिशवी मला दिसली. टेम्पोतला माणूस खाली बसला होता, दोन्ही हात डोक्यावर घेऊन.

नाक वर चढू लागलं. निमिषनं म्हणायचं असतं, विमान चढतंय, मग कॅप्टन चाकं वर घ्यायला सांगतो. निमिष काही म्हणाला नाही. सरच म्हणाले, "चाकं वर." अगदी शांतपणे.

दहा हजार फूट झाले. वीस झाले. निमिषनं दोनदा रुमालानं हात पुसले. माझं बोट गोमुखीत एका मण्यावर अडकलं होतं, एकसष्टावा की बासष्टावा, मला सांगता आलं नसतं.

वर स्थिर झाल्यावर सरांनी टॅब हातात घेतला, वरची ओळ पाहिली, आणि मिनिटभर पाहत राहिले. मग टॅब परत ठेवला.

"माझी चूक," ते निमिषला म्हणाले. "मी फाटा घेतला, आकडे तेच राहिले. तू वाईट वाटून घेऊ नकोस."

निमिष रडत होता. आवाज न करता.

थोड्या वेळानं सर मागे न वळताच म्हणाले, "वृंदा, जप झाला?"

मी म्हटलं, "हो, सर."

"तुझं लक्ष जपात असेल."

हा प्रश्न नव्हता. त्यांनी माझ्यासाठी एक दार उघडून धरलं होतं. मी मान हलवली. त्यांना ती दिसली नसणार, ते समोर बघत होते. पण मला दिसली.

मुंबईला उतरल्यावर सगळे प्रवासी गेल्यावर डाबरे कॉकपिटच्या दारात आले. चेहरा उतरलेला. कराराची प्रत हातात नव्हती.

"काय होतं ते?" त्यांनी विचारलं. "तो वडील गेलेला माणूस माझ्या शेजारी होता. त्यानं माझा हात धरला तो सोडलाच नाही. मला म्हणतो, साहेब, मी पोचेन ना."

"मी फाट्यावरून निघालो जुन्या आकड्यांवर," सर म्हणाले. "आत्ता जाऊन रिपोर्ट लिहितोय. निमिषचं नाव त्यात माझ्या खाली येईल. वृंदाला यातलं काही माहीत नाही, ती जप करत होती."

डाबरे माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी सुस्कारा टाकला. "बरं झालं, बाई. खरंच बरं झालं. तुम्ही एकच ओळ लिहा. मी डेडहेड होते, प्रवासी होते, मी जपात असल्यामुळे काही पाहिलं नाही. बाकी मी बघतो. कलम एकोणीस आपल्या बाजूनं आहे."

दोन भली माणसं मला वाचवत होती. त्यांचं काही चुकत नव्हतं.

ऑफिसच्या वरच्या मजल्यावर रिपोर्ट लिहायची एक खोली होती, लांब टेबल आणि प्लॅस्टिकच्या खुर्च्या. संध्याकाळचं विमान मी उडवू शकत नाही, असं मी ड्यूट्या लावणाऱ्या रोस्टर विभागाला कळवलं. का, असं त्यांनी विचारलं. बरं वाटत नाही म्हटलं. एवढं खरं होतं. सर टेबलाच्या एका टोकाला बसले, मी दुसऱ्या. निमिषला त्यांनी घरी पाठवलं होतं.

मी लिहिलं, "मी डेडहेड म्हणून जंपसीटवर होते." मग लिहिलं, "मी जपात असल्यामुळे".

तिथे पेन थांबलं.

आईनं माळ देताना मला काय सांगितलं होतं, ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तिनं विशेष काही सांगितलंच नव्हतं. फक्त म्हणाली होती, की हे तुझं आणि त्याचं आहे, यात तिसऱ्या कुणाला आणू नकोस. त्या टेबलापाशी बसून मी त्यात चौकशी समितीला आणत होते, डाबऱ्यांच्या कलमाला आणत होते. रामाला खोटा साक्षीदार म्हणून उभा करत होते.

आणि ते खोटंच होतं. माळ मोडली असती तर काय झालं असतं? पुन्हा पहिल्या मण्यापासून धरावी लागली असती. पाच मिनिटं. मी गप्प बसले त्याचं कारण व्रत नव्हतं. व्रत माझ्या हातात होतं म्हणून मी त्याच्या मागे लपले, एवढंच.

मला फार भीती वाटत होती. विमानात वाटली त्यापेक्षाही वेगळी. चाचणी जाणार होती. नाव जाणार होतं. बायकांना कॅप्टन करू नये, असं म्हणणारे तेव्हा आमच्यात पुष्कळ होते, त्यांना माझं नाव मिळणार होतं. दोन लहान मुलं घरी होती. पण पेन पुढे जात नव्हतं, आणि ते वाक्य खोडल्याशिवाय जाणारही नव्हतं.

मी खोडलं. मग लिहिलं. टॅबवर पूर्ण लांबी लिहिलेली मी पाहिली. विमान धावपट्टीवर येण्याआधी पाहिली. बोलायला वेळ होता. मी बोलले नाही, कारण मला कॅप्टनची भीती वाटली.

सही केली आणि उठून सरांपुढे कागद ठेवला. "तुम्ही वाचावं असं मला वाटतं," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा लावला. वाचायला फार वेळ लागला नाही, चार ओळी होत्या. पण चष्मा त्यांनी बराच वेळ काढला नाही.

"तुला दिसलं होतं."

"हो, सर."

"थांबवता आलं असतं."

"हो, सर."

त्यांनी कागदावर बोट ठेवलं, शेवटच्या ओळीवर. "हे असं कशाला लिहिलंस? काहीतरी बरं कारण लिही. कॉकपिटमध्ये गप्प बसायचा नियम मीच सांगितला होता, ते लिही. ते खरंच आहे."

"त्यामुळे गप्प बसले नाही, सर."

"वृंदा, समोर कुंपण होतं." त्यांचा आवाज पहिल्यांदा जरा हलला. "मरण होतं समोर. त्यापेक्षा माझी भीती जास्त वाटली तुला?"

मी त्या शेवटच्या ओळीकडे पाहिलं.

ते खिडकीकडे बघत बसले. खाली विमानं लावलेली होती, त्यांच्यामध्ये सामानाच्या गाड्या फिरत होत्या. "मी कधी कुणाला रागावलो नाही," ते म्हणाले. मला नव्हे, स्वतःलाच सांगितल्यासारखं. "तीस-पस्तीस मुलं शिकवली. एकालाही ओरडलो नाही."

"ओरडला असतात तर बरं झालं असतं, सर," मी म्हणाले. मी त्यांच्याशी असं कधी बोलले नव्हते. मी टेबलाची कड धरली. "तुम्ही फक्त एकदा हेडफोन काढलात, माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, ज्याला विचारलेलं नाही त्यानं सांगू नये. मग परत हेडफोन घातलात. मी तेव्हा बरोबर होते. वारा बदलला होता एवढंच मी सांगितलं होतं, आणि तुम्ही मागाहून आकडे बदललेतही. पण त्यानंतर मी तुम्हाला विचारल्याशिवाय काही सांगितलेलं नाही."

"मला आठवत नाही."

"माहीत आहे, सर."

मग त्यांनी माझा कागद माझ्याकडे सरकवला. "हे वाक्य खोडू नकोस," म्हणाले. "राहू दे."

त्यांनी स्वतःचा रिपोर्ट पुढे ओढला. तो पूर्ण झाला होता, खाली सही होती. सहीच्या खाली त्यांनी नवी ओळ सुरू केली. त्यांचं अक्षर मला ओळखीचं होतं, माझ्या लॉगबुकाच्या कितीतरी पानांवर होतं. ते लिहीत होते की तिसऱ्या आसनावरच्या वैमानिकेनं चूक पाहिली होती, ती बोलली नाही, कारण तिला माझी भीती वाटत होती.

लिहिता लिहिता ते थांबले. मान वर न करता त्यांनी विचारलं, "कधीची गोष्ट ही? हेडफोनची."

"पहिल्या दिवसाची, सर."

त्यांनी तेही लिहिलं.